कुमारांचा हंगाम

इतिहास लिहावयाचा तो राजांचा, लढायांचा व तहांचा, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस रूढ होती. पुढे ग्रामसंस्था, जमीनधारा, व्यापार व देवस्थाने यांचाही इतिहास लिहिण्याची चाल पडली. खेळांच्या वाट्यास मात्र अद्याप इतिहास आला नाही; आला तो निकालांचा जमाखर्च. अमुक साली अमुक संघाने ढाल जिंकली, एवढे लिहिले की नोंद संपते. त्यातही प्रौढ खेळाडूंच्या सामन्यांची वार्ता वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यात सापडते. सोळा ते वीस वर्षांच्या मुलांचे सामने ज्या गावी झाले त्या गावाच्या स्मरणापलीकडे फारसे जात नाहीत. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांत कुमारवयीन मुलांच्या कबड्डीचा जो हंगाम दरसाल भरतो, त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या हंगामाचा इतिहास हा मुळात जमिनीचा इतिहास आहे. आणि तो तसा वाचल्यावाचून आज या खेळावर आलेला प्रसंग नीट ध्यानात यावयाचा नाही.

प्रथम भूमीचा विचार करू. पेणच्या पश्चिमेस खाडीच्या अंगाने खारेपाट पसरला आहे. समुद्राचे पाणी बांधांनी थोपवून तेथील लोकांनी पिढ्यान् पिढ्या भात पिकविले. वाशी, वढाव, शिर्की, दादर ही गावे या बांधांच्या आधाराने नांदत आली. रोह्याकडील देश निराळा. तेथे कुंडलिकेचे खोरे, दोहो अंगांस डोंगर आणि मध्ये भाताची खाचरे. परंतु दोन्हीकडचे पंचांग एकच. आषाढात लावणी, श्रावण-भाद्रपदात खाचरांत गुडघाभर पाणी, आश्विन-कार्तिकात कापणी, त्यामागून झोडणी. मार्गशीर्ष लागता लागता धान्य घरात येते व शेत रिकामे पडते. हे रिकामे शेत मूळचेच सपाट, चौरस व चारी बाजूंनी बांधलेले असते. धसकटे उपटावी, ढेकळे फोडावी, भेगा मातीने बुजवाव्या, पाणी शिंपून जमीन चोपावी, वर चाळलेली मऊ माती पसरावी आणि फक्कीने रेषा आखाव्या, की क्रीडांगण सिद्ध झाले. चार महिने जेथे पाय रोवून लावणी केली, तेथेच पाय रोवून पकड करावयाची. बांधावर बसणारा प्रेक्षकही बांध घालणाऱ्यांपैकीच असतो.

याच दिवसांत गोड्या जमिनीत वालाला शेंगा धरतात आणि रात्री शेताच्या कडेला पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्याचा थर देऊन शेंगा भाजणारे आणि दिवाबत्तीच्या उजेडात सराव करणारे पुष्कळ वेळा एकाच टोळक्यातील असतात. हंगाम हा शब्द येथे शेतीतून खेळात आला आहे तो केवळ उपमेने नव्हे. दोहोंचा काळ एकमेकांत गुंतलेला आहे.

ही गोष्ट आमच्याच मुलखाची आहे असे मात्र कोणी समजू नये. बर्फाळ देशांतील मुले तळी गोठण्याची वाट पाहतात, आमची मुले खाचरे आटण्याची वाट पाहत. कॅनडात बर्फावरील हॉकीचा कुमारांचा हंगाम प्रथम थंडीच्या स्वाधीन होता. आपल्याच लेह गावी हिवाळ्यात गोठलेल्या पाण्यावर तो खेळ आजही चालतो. कॅनडात १९११ च्या सुमारास व्हँकूव्हर व व्हिक्टोरिया येथे कृत्रिम बर्फाची क्रीडागृहे उभी राहिली आणि तेव्हापासून त्या खेळाचा ऋतूशी असलेला संबंध हळूहळू सुटू लागला. तेथे कुमारांच्या अजिंक्यपदाचा चषक पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९१९ साली ठेविला गेला. त्यामुळे त्या मुलांच्या सामन्यांस निदान एका राष्ट्रीय स्मृतीची जोड मिळाली. आमच्याकडे ऋतूची गाठ पुष्कळ उशिरा सुटू लागली आणि स्मृतीची जोड अद्याप मिळावयाची आहे.

आता खेळाच्या घडणीकडे वळू. महाराष्ट्रात यास हुतूतू म्हणत. बंगालात हाडुडू, तामिळ मुलखात चेडुगुडू अशी त्याची नावे होती. खेळण्याचे प्रकारही तीन होते. संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होई. गामिनीत एकदा बाद झालेल्याने सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेर बसावे. अमर प्रकारात गडी मैदान सोडीतच नसे, केवळ गुण मोजले जात. गावागावांत यांची मिसळ होती, आणि दोन गावे समोरासमोर आली म्हणजे खेळापूर्वी नियमांचा वाद ठरलेला. हा वाद मिटविण्याच्या प्रयत्नांतून आजची कबड्डी जन्मास आली. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याच्या स्पर्धेत एकसूत्री नियम लागू झाले. १९३४ साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांस व्यवस्थित रूप दिले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी या खेळाचे प्रदर्शन केले आणि १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडासामन्यांत त्यास स्थान मिळाले. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली व १९५२ साली मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

नियमांनी मुख्यतः दोन गोष्टी केल्या. खेळास घड्याळ लावले आणि त्याची जागा मोजली. पूर्वी खेळ संपे तो दिवस मावळल्यावर किंवा भांडण जुंपल्यावर. आता पुरुषांचा व कुमारांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. हे क्षेत्र १३० चौरस मीटर भरते. आपल्या मापाने बोलावयाचे तर सव्वा गुंठ्याहून किंचित अधिक. बैठकीची जागा, पंचांचे फिरणे व प्रेक्षक यांसाठी भोवती सोडावयाची मोकळीक धरली तरी चार-पाच गुंठ्यांत सर्व आटोपते. वाचकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही सव्वा गुंठ्याची जागा कोणाची, या प्रश्नात हंगामाचा खरा इतिहास साठविलेला आहे. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, ज्यास १९८१ पासून रायगड म्हणतात, पुष्कळ ठिकाणी जमीन खोताची व सावकाराची असे. कसणारा निराळा, पिकावर हक्क सांगणारा निराळा. पेणला लागून असलेल्या अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ साली कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली तो सहा वर्षे चालला आणि त्या काळात जमिनी ओस राहिल्या. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले. पुढे १९४८ चा कूळकायदा व १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कसणारास जमिनीचा धनी ठरविले.

या घडामोडींचा कबड्डीशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा आहे. पीक निघाल्यावर शेतावर मालकीचा कडक पहारा ठेवण्याची चाल कोकणात नव्हती. झोडणी आटोपली की गुरे मोकळी सुटत, वाटा शेतातून पडत, आणि मुले ज्या शेतात जागा बरी दिसेल तेथे खेळत. कागदावर मालक कोणी असो, पौषापासून वैशाखापर्यंत ते शेत एका अर्थाने गावाचे असे. या मोकळिकीस कोणत्याही कायद्याचा आधार नव्हता. आधार होता तो वहिवाटीचा व परस्परांच्या भिडेचा. कूळ मालक झाले तरी भीड कायम राहिली, कारण नवा मालक शेजारचाच होता व त्याचाच मुलगा चढाईस जात होता. म्हणजे, क्रीडांगण ही गावाची मालमत्ता कधीच नव्हती. ती गावातील माणसांची एकमेकांस दिलेली सवलत होती. सवलतीच्या पायावर उभी राहिलेली गोष्ट सवलत देणाऱ्याचे अंतःकरण बदलल्याने नव्हे, तर त्याची परिस्थिती बदलल्याने ढासळते, हे पुढील हकिगतीवरून दिसेल.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात या हंगामास संघटनेचे रूप आले. १९६२ साली शालेय क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला; १९७२ साली हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला. शंकरराव तथा बुवा साळवी यांनी जिल्हावार संघटना बांधण्यासाठी आयुष्य वेचले. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डीदिन म्हणून पाळतात. मुंबईच्या गिरणगावाचाही वाटा मोठा आहे. लालबाग-परळच्या चाळींत राहणारे पुष्कळ कामगार कोकणातले होते. मंडळाचे नाव, छापील पावतीपुस्तक, ठराविक रंगाचा पोशाख व दिव्यांच्या उजेडातील सामने ही मुंबईची रीत त्यांच्यामागून गावोगाव आली, आणि गावचा चांगला चढाईपटू मुंबईच्या संघात दाखल होऊ लागला. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत पोचली तेव्हा ही ये-जा अधिकच सुलभ झाली.

संघटनेबरोबर गट आले. सोळा वर्षांपर्यंतचे किशोर, वीस वर्षांपर्यंतचे कुमार. आणि वयाबरोबरच वजनाचीही मर्यादा. या मर्यादेने कुमारांच्या हंगामास एक विलक्षण कसोटी लाविली आहे. मार्गशीर्ष-पौषात सराव ऐन भरात येतो, त्याच वयात मुलाचे अंगही भरते. गेल्या वर्षी जो काटक होता तो यंदा काट्यावर मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे झुलतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या आदल्या दिवशी जेवण टाळणारी, अंगात जाड कपडे घालून धावणारी मुले दरसाल दिसतात. चाचणीत उतरल्यास राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ, तेथे डोळ्यांत भरल्यास महाराष्ट्राचा संघ, आणि मागाहून पोलीस, रेल्वे किंवा बँक यांतील नोकरी, अशी ही शिडी आहे. ज्या घरी दीड-दोन एकर खाचराखेरीज दुसरे उत्पन्न नाही, तेथे या शिडीची किंमत केवळ मानाची नसते. आणि ती चढण्यास अवधी किती? कुमार गटातील तीन, फार तर चार हंगाम. एका हंगामात घोटा मुरगळला, दुसऱ्यात बारावीची परीक्षा आली, की निम्मा अवधी सरला.

सामन्यांचा क्रमही सांगितला पाहिजे. दिवाळी आटोपली की मंडळे माती तयार करण्यास लागतात. निवड चाचणी, शाळांचे सामने, मग गावोगावच्या स्पर्धा. कोठे देवाची जत्रा, कोठे मंडळाचा वर्धापनदिन, कोठे शिमग्याच्या पुढचेमागचे दिवस. पेण तालुक्यातील हमरापूर-जोह्याच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत हात रंगवून आलेला मुलगा आणि कोलाडच्या बाजूचा गुराख्याचा मुलगा येथे समोरासमोर येतात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ त्याच रात्री घरी जातो. अनेकदा गुण समान होतात व पाच-पाच चढायांवर निकाल लागतो. त्या पाच चढायांत ज्याची पकड होते, त्या मुलास पुढे वर्षभर गावात त्यावरून ऐकून घ्यावे लागते. आमच्या मते कुमारांच्या हंगामाचे खरे शिक्षण येथे आहे. या खेळात मरण तात्पुरते असते. बाद झालेला गडी सोबत्याच्या पराक्रमाने पुन्हा आत येतो. परंतु त्यासाठी त्याने रेषेबाहेर, क्रमाने, गप्प बसून वाट पाहिली पाहिजे. आपला उद्धार दुसऱ्याच्या हाती आहे हे मान्य करणे सतरा वर्षांच्या मुलास सोपे नसते. दोन गावांतील जुनी तेढ दंडुक्यांऐवजी शिटीने मिटू शकते, हे या मुलखाला मोठ्यांनी शिकविले त्याहून मुलांच्या सामन्यांनी अधिक शिकविले.

असो. आता सांप्रतचा प्रसंग. रोह्याजवळ धाटाव येथे औद्योगिक वसाहत झाली. १९९० च्या सुमारास नागोठण्यास पेट्रोरसायनांचा कारखाना आला. पेणकडे डोलवीस पोलादाचा कारखाना उभा राहिला. नोकऱ्या आल्या, पैसा आला, आणि कारखान्यांच्या वेतनावर काही मंडळांच्या ढाली-चषकांचीही सोय झाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु जमीन आता पिकाच्या हिशेबाने मोजली जाईनाशी झाली. विशेष आर्थिक क्षेत्राच्या योजनेवरून २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांतील शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. विरोध तीव्र होता व ती योजना पुढे बारगळली. तथापि ओढ थांबली नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला व मुंबई जवळ आली. त्याच वर्षी उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांसाठी नव्या नगराची योजना जाहीर झाली. आता शेत गुंठ्यांनी विकले जाते. घेणारा परगावचा असतो आणि तो प्रथम तारेचे कुंपण घालतो. त्याचा यात दोष नाही. त्याने जमीन विकत घेतली, गावाची भीड घेतली नाही. पूर्वीची सवलत मात्र त्या कुंपणापाशी थांबते. ज्या खेळास सव्वा गुंठा पुरतो, त्यासच नेमका सव्वा गुंठा मिळेनासा होतो.

दुसरा फरक मॅटचा. २०१४ साली व्यावसायिक लीग सुरू झाली व कबड्डी घरोघर दूरचित्रवाणीवर दिसू लागली. वरच्या स्पर्धा मॅटवर होतात. तीस सेकंदांची चढाई, बोनसचा गुण, तिसऱ्या चढाईस गुण मिळविण्याची सक्ती यांनी खेळाचा वेग वाढला. या बदलाविरुद्ध केवळ शोक करणे आम्हांस मान्य नाही. मॅटवर गुडघे कमी सोलतात, पावसाची भीती राहत नाही, आणि बंदिस्त सभागृहात मुलींना संकोचावाचून सराव करता येतो, हा लाभ लहान नव्हे. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत इराणने पुरुष व महिला या दोन्ही गटांत सुवर्णपदक मिळविले. त्या महिला संघाच्या मार्गदर्शक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. महाराष्ट्राच्या मातीत मुरलेली विद्या परदेशी मॅटवर फळास येते, मग मॅट व माती यांत वैर कसले? अडचण निराळी आहे. मॅट विकत घ्यावी लागते, ती ठेवण्यास छप्पर लागते. माती गावातच असे. पायास माती लावून वाढलेला मुलगा निवडीच्या दिवशी प्रथमच बूट घालून मॅटवर उभा राहतो, त्याचा पाय घसरतो किंवा चिकटतो, आणि तीन-चार हंगामांपैकी एक तेथे खर्ची पडतो.

यावर उपाय काय, असे विचारल्यास आम्ही दोन साध्या गोष्टी सुचवू. पहिली, प्रत्येक गावाने, योजना व विक्रीची कागदपत्रे पुरी होण्यापूर्वी, गावठाणालगत चार-पाच गुंठे जागा मैदान म्हणून कायमची नोंदवून ठेवावी. ज्या गावाने समुद्र अडविण्यासाठी मैलोगणती बांध घातले, त्यास एवढे जड जाऊ नये. जी गोष्ट शंभर वर्षे भिडेवर चालली ती यापुढे नोंदीवाचून चालणार नाही. दुसरी, प्रत्येक मंडळाने आपल्या कुमारांच्या हंगामाची वही ठेवावी. कोणत्या शेतात माती केली, ते कोणाचे होते, कोण खेळले, कोण हरले, मैदान का बदलावे लागले, एवढे तीत असावे. ढालीवर विजेत्याचेच नाव कोरले जाते; शेताचे नाव कोठेच कोरले जात नाही. त्या वहीतून पुढील काळाच्या इतिहासकारास केवळ सामने नव्हे, तर या मुलखातील जमीन कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली हेही वाचता येईल.

येत्या मार्गशीर्षात वाशीच्या व चणेऱ्याच्या बाजूची खाचरे पुन्हा रिकामी होतील. कोणीतरी आपले शेत दाखवील, मुले फावडी घेऊन येतील आणि फक्कीने रेषा आखतील. हे दृश्य आणखी किती वर्षे दिसावे, हे आता ऋतूच्या हाती राहिलेले नाही. ते गावाने ठरवावयाचे आहे.